अडीचशे घरांचा लाख

रुक्माला आकडा दाखवू नये. दाखवला की संपलं. त्याला मोडून, सोलून, उलटासुलटा करून बघितल्याशिवाय ती पुढं जायची नाही, आणि तुम्हालाही जाऊ द्यायची नाही. गुंदच्या थांब्यावर बसमध्ये चढली की आधी तिकिटाचा नंबर. "बावीसशे दहा," ती शेजारणीला कोपरानं ढोसून सांगणार, "दोन, पाच, तेरा, सतरा. ह्यांचा गुणाकार. एकबी दुसऱ्यांदा आला न्हाई, बघ की." शेजारीण बिचारी दवाखान्याला निघालेली. तिला तेरा आणि सतरा घेऊन काय करायचंय? पण रुक्माचा चेहरा असा खुललेला असतो की माणूस मान डोलावून मोकळा होतो.

खोटं कशाला सांगू, गावात तिला थोडं हसतातही. शिकली सातवीपर्यंत, तीही कानडी शाळेत. म्हणून तिचे पाढे कानडीत, भांडण मराठीत आणि लाड कोकणीत. भाताची लावणी, रोपवाटिकेतली मजुरी, परसातले कंद, बाकी सगळं चारचौघींसारखं. फरक एवढाच की तिच्या परसातली कंदांची आळी पाच ओळींत पाच अशीच असणार. चारच्या सहा ओळी का नाहीत, असं तिच्या नवऱ्यानं, गोपाळनं, एकदा विचारलं होतं. चौक पुरा झाला की जिवाला बरं वाटतं, हे तिनं त्याला जेवण थंड होईपर्यंत समजावून सांगितलं. त्यानंतर त्यानं असलं काही विचारलं नाही.

तर ह्या रुक्मानं लाख पणत्यांचं खूळ उठवलं आणि ते तिच्याच गळ्यात आलं.

गुंदपासून नंदिगड्ड्याच्या अंगाला जंगलात वाड्या विखुरलेल्या आहेत. ओहोळाच्या काठावर दोघी बहिणींचं ठाणं आहे, थोरली आई आणि धाकटी आई. मूर्ती नाहीत, दोन काळे दगड, एक उंच, एक बुटका. कार्तिकाच्या पुनवेला, भात कापून मोकळ्या झालेल्या देवीच्या शेतात पणत्या लावायच्या, ही जुनी रीत. एका घराचा एक चौक. चौक म्हणजे कोडीवर कोडी, वीस ओळी आणि ओळीला वीस पणत्या. चारशे झाल्या. पणत्याही विकतच्या नाहीत, वारुळाची माती कालवून घरी थापलेल्या. मग ह्या घरांच्या चौकांतून दोन मोठे चौक मांडायचे, एक थोरलीचा, एक धाकटीचा. चारी बाजू सारख्या पाहिजेत, ओळ अर्धी सुटता कामा नये, आणि कुठल्या घराचा चौक मोडायचा नाही.

रुक्माच्या आज्याच्या वेळी दहाच घरं होती. नऊ घरं थोरलीला, तीनच्या तीन ओळी. उरलेलं एक घर धाकटीला. ते एक घर रुक्माच्या माहेरचं. लहानपणी आजा सांगायचा की धाकटीचा सगळा चौक आपला एकट्याचा, आणि रुक्मा आणि तिची धाकटी बहीण फुला ह्या दोघी त्या गोष्टीवर भाव खाऊन असायच्या.

पुढं घरं वाढली, कामं वाढली, रीत ढिली पडली. लोक आपापल्या उंबऱ्यावर पाच पणत्या लावून मोकळे व्हायला लागले. पण यंदा ठाण्यावर नवं छप्पर चढलं. त्या आनंदात गावकर झिलू, म्हणजे ठाण्याची सगळी व्यवस्था बघणारा म्हातारा, त्यानं बैठक बोलावली आणि म्हणाला की यंदा जुन्या रीतीनं करू. घरं मोजली गेली. डोंगरात राहणारी एकशे चौऱ्याण्णव. वाघांच्या राखीव जंगलातून उठून मागच्या काही वर्षांत रामनगरकडं राहायला गेलेली छप्पन्न. त्यांचाही देव हाच, म्हणून त्यांनाही धरलं. अडीचशे.

बाईमाणसांच्या घोळक्यातून रुक्मा उठून उभी राहिली. तिला उभं राहायचं नव्हतं, पण पाय ऐकेनात.

"मामा, अडीचशे घरं, घराला चारशे. एक लाख होत्यात," ती म्हणाली. "बरोब्बर लाख. वर न्हाई, खाली न्हाई."

 लाख हा शब्द असा आहे की तो ऐकला की माणूस सरसावून बसतो. रुक्माला मात्र थांबवतंय कोण. तिनं काडीनं मातीत आकडे ओढायला सुरुवात केली. आज्याची दहा घरं, आता अडीचशे, म्हणजे पंचवीसपट. पंचवीसपट झालं की चौकाची बाजू पाचपट होते. थोरलीचे तीन ते झाले पंधरा, धाकटीचा एक तो झाला पाच. पंधरा पंधरे दोनशे पंचवीस, पाच पाचे पंचवीस. "अडीचशे. एकबी घर उरत न्हाई. दोन्ही चौक पुरे," ती म्हणाली आणि काडी टाकून दिली. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. कुणीतरी मागून म्हणालं की ही देवीचीच करणी, आणि एकदम गलका सुरू झाला.

झिलूनं हात वर केला. "शेतात मावतील का एवढे?"

इथंच चूक झाली, आणि ती चूक इकडच्याच माणसानं करावी. इकडं शेत किती मोठं म्हणून विचारा, कुणी एकर-गुंठे सांगणार नाही. किती बियाणं लागतं ते सांगतील. देवीचं शेत दोन कुडवांचं, हे पोरासोरांनाही ठाऊक. कुडव म्हणजे धान्य मोजायचं माप. रुक्माचं स्वतःचं शेत एका कुडवाचं. एका घराच्या चौकाला तीन मीटरची जागा धरली तर तिच्या शेतात असे दीडशे चौक बसतात. मग दोन कुडवांत तीनशे. "अडीचशे म्हणजे काय, वर जागा उरंल," ती छातीठोकपणे म्हणाली. सगळ्यांनी माना हलवल्या. सगळ्यांचीच शेतं कुडवात मोजलेली होती.

बैठक मोडली तशी रुक्मा घरी गेलीच नाही. मोबाईलला रेंज मिळते ती टेकाडावरच्या काजूपाशी. ती तिथं धापा टाकत चढली आणि रामनगरला फुलाला फोन लावला. आई-वडलांचं घर फुलाकडं होतं. वाडीवरची बाकीची घरं उठली तेव्हा तीही उठली. जाताना तिनं चुलीतली थोडी राख पदराला बांधून नेली होती, हे रुक्मानं डोळ्यांनी बघितलं होतं आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नव्हतं.

"आमास्नी बी धरलंय?" फुलानं विचारलं. "गाव सोडल्यावर?"

"तुझ्याबिगर लाख व्हत न्हाई. चारशे कमी पडत्यात," रुक्मा म्हणाली.

 फुलानं हळूच विचारलं, "अक्का, वारुळाचीच माती पायजे न्हवं?" आणि रुक्माला कळलं की बाईनं मनात पणत्या थापायला सुरुवातसुद्धा केली.

फोन वैष्णवीनं घेतला. ही फुलाची लेक, धारवाडला गणित शिकते. आईची थोरली बहीण म्हणून ती रुक्माला कानडी रीतीनं दोड्डव्वा म्हणते. आकड्यांचं वेड ह्या पोरीत रुक्माकडूनच उतरलं, असं गोपाळ म्हणतो, आणि ते काही कौतुकानं म्हणत नाही.

"वैष्णू, लाखाचा एकच चौक होतो का गं? दोघी बहिणी एकत्र बसतील."

"नाही होत, दोड्डव्वा. लाख म्हणजे पाच वेळा दोन आणि पाच वेळा पाच, एवढ्यांचाच गुणाकार. एकट्या चौकात बसायचं तर दोन आणि पाच जोडीजोडीनं यायला पाहिजेत. पाच म्हणजे जोडीला एक कमी." मग पोरीनं जरा थांबून हिशेब केला. "तीनशे सोळाच्या तीनशे सोळा ओळी मांडल्या तर एकशे चव्वेचाळीस पणत्या उरतात."

"एकशे चव्वेचाळीस," रुक्मा म्हणाली.  "अगं, म्हणजे बारा बारे. उरल्यालाबी चौकच की."

दोघी दोन ठिकाणी हसत सुटल्या. बाजूनं लाकडाची मोळी घेऊन जाणारी रुक्माची जाऊ येसू थांबून बघायला लागली, की ही बाई काजूला पाठ टेकून एकटीच का हसतेय. आता हे खरं की तीनशे सोळाला विसानं भाग जात नाही, घरांचे चौक मोडतात, त्यामुळं ठाण्यावर त्याचा उपयोग शून्य. पण उपयोगाचं नाव काढायची ती वेळ नव्हती. रुक्मा उतारानं खाली आली ती जवळजवळ पळतच.

पुढं महिनाभर वाड्यावाड्यांत माती कालवली जात होती. भाताची कापणी सुरू झाली, देवीचं शेत मोकळं झालं. पुनव तोंडावर आली तेव्हा झिलूनं दोरी काढली. दर तीन मीटरला एक गाठ मारलेली लांब दोरी, एका गाठीपासून दुसरीपर्यंत एक घर. एक टोक बांधावर रोवलं आणि रुक्मा उरलेली दोरी सोडत ओहोळाकडं चालू लागली. दहा गाठी झाल्या, बारा झाल्या, तेरावी झाली आणि पुढं तिचा पाय थंड पाण्यात पडला. हातातली दोरी सुटली, आणि चौदावी आणि पंधरावी गाठ ओहोळात भिजत होती.

देवीचं शेत दोन कुडवांचं होतं, त्यात खोट नव्हती. पण ते होतं लांबुडकं. रुंदीला तेरा चौक, आणि पुढं पाणी. बियाणं शेत किती आहे ते सांगतं, कसं आहे ते सांगत नाही. एवढी साधी गोष्ट अडीचशे घरांतल्या कुणाच्याही डोक्यात आली नव्हती, आणि छातीठोकपणे बोलली होती रुक्मा. तिला तिथंच ओहोळात बसून घ्यावंसं वाटलं.

मग सल्ल्यांचा पूर आला. पणत्या जवळजवळ ठेवा. तसं केलं तर तेल घालणाऱ्या बायकांनी चालायचं कुठून, पदर पेटतील. वरच्या शेतात मांडा. वरच्या शेतात अजून भात उभं होतं, शिवाय दोन्ही चौक एका सपाटीला पाहिजेत.  शेवटी झिलू म्हणाला, "थोरलीला तेराच बसतात तर तेरा धरू. तेराच्या तेरा ओळी. धाकटीचा पाचाचा हायच. किती झाली घरं?"

रुक्माच्या जिभेवर आकडा आधी येतो, विचार मागाहून. "एकशे चौऱ्याण्णव," ती म्हणाली.

म्हणाली, आणि तिला स्वतःचंच ऐकू आलं. डोंगरातली घरं एकशे चौऱ्याण्णव. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

झिलूनं दोन्ही हात जोडून ठाण्याकडं बघितलं. "आईनंच निवाडा केला म्हणायचा. हितं ऱ्हात्यात तेवढी बरोब्बर बसली. गेलेल्यांनी यावं, दर्शन घ्यावं, जेवून जावं. पर चौक न्हाई." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. तो खरंच हरखला होता, आणि माणसंही हरखली. आकडा एवढा चपखल बसल्यावर वाद कोण घालणार? रुक्मानं आयुष्यभर लोकांना हेच सांगितलं होतं की आकडा बसला की समजावं. आता तिच्याच तोंडून निघालेल्या आकड्यानं छप्पन्न घरं बाहेर काढली होती, आणि त्यांतलं एक तिच्या बापाचं होतं. एके काळी धाकटीचा सगळा चौक ज्याचा होता, ते.

फुलाला सांगायचं कसं? ती संध्याकाळी काजूपाशी चढली. फोन लागला आणि फुलाच आधी बोलायला लागली. नव्या वस्तीत वारूळ कुठलं, म्हणून ती बस धरून खानापूरकडच्या माळावर गेली होती. डोक्यावर माती आणली. चारशे पणत्या वाळवून, पेंढ्यात घालून पोत्यात भरल्या होत्या. शेजारणी विचारत होत्या की एवढ्या कशाला, तर तिनं सांगितलं होतं की आमच्या गावाला आमच्याबिगर लाख होत नाहीत.

"अक्का, ऐकाय येतंय न्हवं?"

"रेंज जातीया," रुक्मा म्हणाली आणि फोन बंद केला. रेंज चांगली चार दांड्या होती. ती तिथंच बसून रडली, आणि रडताना तिला झिलूचा, ओहोळाचा आणि सगळ्यात जास्त एकशे चौऱ्याण्णवचा राग आला.

सकाळी झिलूचा निरोप आला की मांडणी तूच करून दे. कामाला नाही म्हणायची तिची जात नव्हती. तिनं अडीचशे चिंचोके मोजून सुपात घेतले आणि अंगणात बसली. सारवलेल्या भुईवर तेराच्या तेरा ओळी लावल्या. खाली पाचाच्या पाच ओळी. सुपात उरले छप्पन्न. ते ओतून टाकायचे होते, पण हात होईना. गोपाळ पेज वाढ म्हणून आतून दोनदा ओरडला. ती सूप मांडीवर घेऊन तशीच बसली होती.

मग तिनं एक चिंचोका उचलला आणि धाकटीच्या चौकाला खेटून ठेवला. का ठेवला, ते तिलाही सांगता आलं नसतं. बाहेर तरी कुठं ठेवायचा, म्हणून ठेवला. त्याच्याशेजारी दुसरा. मग तिसरा. पाचाच्या चौकाभोवती एक फेर पुरा झाला. चोवीस लागले. सुपात बत्तीस होते. हात आता आपोआप चालला होता. दुसरा फेर सुरू झाला, एक बाजू भरली, कोपरा वळला, दुसरी बाजू भरली. तिसऱ्या बाजूला तिचा श्वास वरचा वर राहिला, कारण सुपातले चिंचोके कमी होत होते आणि उघडी भुईही तेवढीच कमी होत होती. शेवटच्या कोपऱ्यात शेवटचा चिंचोका बसला. सूप रिकामं.

तिनं बाजू मोजली. नऊ. दुसरी मोजली. नऊ.

"अहो, बाहेर या," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक आला की गोपाळला वाटलं साप निघाला. तो काठी घेऊन धावला. बघतो तर बायको चिंचोक्यांपुढं बसून हसतेय आणि डोळ्यांतून पाणी चाललंय.

"तेरा तेरे एकशे एकोणसत्तर. नऊ नव्वे एक्याऐंशी. किती झालं सांगा."

गोपाळनं काठी भिंतीला टेकवली. बोटांवर हिशेब केला. "अडीचशे," तो म्हणाला. मग तोही खाली बसला आणि त्यानं पुन्हा केला. "अगं, हे तर अडीचशेच की." पेज चुलीवर करपली ती करपलीच, पण त्या दिवशी त्यानं चकार शब्द काढला नाही.

रुक्मा सूप घेऊन थेट झिलूच्या खळ्यात. म्हातारा सुपारी कातरत होता. तिनं चिंचोके त्याच्यापुढं ओतले, थोरलीचे तेरा-तेरा लावले, धाकटीचे नऊ-नऊ लावले, आणि सूप उलटं करून दाखवलं.  झिलू मान हलवून म्हणाला, "न्हाई पोरी. रीत अशी की थोरलीच्या बाजूच्या तिसऱ्या हिश्शानं धाकटीची बाजू. धाकटीला नऊ द्यायचे म्हंजे जरा..."

"मामा, थोरलीचे पंधराचे तेरा केले, तवा रीत मोडली न्हाई. मग धाकटीचे वाढिवले तर कशी मोडंल?"

झिलूचा अडकित्ता थांबला.

"आणि रीत म्हंजे काय हुती? चौक पुरा पायजे, घर मोडाय न्हाई पायजे. दहा घरं हुती तवा कुणाला बाहेर ठेवलं हुतं का? एक उरलं तर त्या एकाचा येगळा चौक केला. ते एक आमचं हुतं, म्हणून म्हाईत हाय मला." तिनं थोरलीच्या चौकाकडं बोट केलं. "थोरल्या बहिणीनं जरा सरकून घेतलं तर काय थोरलेपण जात न्हाई, मामा. म्या बी थोरलीच हाय."

 म्हाताऱ्यानं नऊ-नऊच्या चौकावर बोट ठेवून एक एक चिंचोका मोजला. एक्याऐंशी झाले. मग पुन्हा मोजले. दुसऱ्यांदा मोजताना त्याच्या मिशीत हसू यायला लागलं होतं, ते त्यानं लपवायचा प्रयत्न केला पण जमलं नाही. "लांबी मावंल का?" त्यानं विचारलं.

"तेरा आणि नऊ, बावीस गाठी. ह्या टायमाला कुडव न्हाई, दोरी," रुक्मा म्हणाली.

दोघं तशीच उठून शेतात गेली. दोरी लांबीनं ताणली. थोरलीच्या दगडाकडून निघालेली बाविसावी गाठ पलीकडच्या देवराईतल्या पहिल्या झाडाच्या मुळीपाशी आली आणि मुळी हातभर लांब राहिली. झिलू खाली वाकून त्या हातभर जागेकडं बघत राहिला. सरळ होताना म्हणाला, "नवाच्या चौकाला बरोब्बर मधलं घर असतंय. न्हवं?"

"असतंय."

"मग ते आधीपासनं ज्याचं हुतं त्याचंच ऱ्हाईल," म्हातारा म्हणाला आणि दोरी गुंडाळायला लागला.

रुक्मा काजूपाशी कशी पोचली ते तिचं तिला ठाऊक. फोन वैष्णवीला, तोही तास चालू असताना. पोरगी वर्गाबाहेर आली. तेरा आणि नऊ ऐकल्यावर ती तिकडून भराभर बोलायला लागली. तेरा विसे दोनशे साठ, नऊ विसे एकशे ऐंशी. दोनशे साठचा वर्ग सदुसष्ट हजार सहाशे, एकशे ऐंशीचा बत्तीस हजार चारशे. लाख. "दोड्डव्वा, लाखाचे दोन चौक तीनच तऱ्हांनी होतात. तीनशे आणि शंभर ही आपली पहिली. तीनशे सोळा आणि बारा ही त्या दिवशीची. आणि ही तिसरी. चौथी नाही. कितीही शोध, मिळायची नाही."

"तीनच का पर?"

"पाचामुळं. पाच स्वतः दोन चौकांत बसतो, चार आणि एक. तीन नाही बसत, सात नाही बसत, अकरा नाही बसत. लाखात पाच पाच वेळा आलाय, म्हणून एवढ्या वाटा निघतात. पुढच्या वेळी कागदावर दाखवते."

चार आणि एक. रुक्मानं जमिनीवर काजूची पाच सुकी पानं मांडली, दोनावर दोन आणि बाजूला एक. खरंच बसत होती. लाखाएवढ्या मोठ्या आकड्याच्या पोटात ही पाच पानं लपलेली, आणि त्यांच्या जोरावर फुलाला जागा मिळाली. हे तिला इतकं भारी वाटलं की घरी जाताना भेटेल त्याला थांबवून तिनं पानं मांडून दाखवली. येसूनं तेवढ्यात मोळी खाली ठेवून घेतली, कारण हे लवकर आटपणार नाही हे तिला अनुभवानं ठाऊक होतं.

पुनवेला उन्हं उतरायच्या आत शेत भरलं. रामनगरकडून आलेल्या गाड्यांतून पोती उतरत होती, माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती, मागं सोडलेल्या म्हशींची चौकशी होत होती. रुक्मा हातात काठी घेऊन ज्याला त्याला त्याची जागा दाखवत हिंडत होती. घसा बसला होता, पायात चप्पल नव्हती, आणि तिला एवढं सुख आयुष्यात कधी झालं नव्हतं. पणत्यांच्या ओळी वाढत होत्या. दोनशे साठच्या दोनशे साठ. एकशे ऐंशीच्या एकशे ऐंशी.

फुला शेवटच्या गाडीतून उतरली. पोतं तिनं कुणाला उचलू दिलं नाही. त्या छप्पन्न घरांचं काय ठरलं होतं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि रुक्मानंही सांगितलं नाही, आजतागायत नाही. फुला बांधावर उभी राहून दोन्ही चौकांकडं बघत होती. मग तिनं बहिणीला विचारलं, "अक्का, आमी कुठं? कडंला असलं तरी चालंल गं. गाव सोडलेली माणसं आमी."

रुक्मा तिला हाताला धरून ओळींमधल्या अरुंद वाटेनं आत घेऊन गेली. दोन्ही बाजूंची माणसं पदर आवरून, पाय आखडून वाट देत होती. आत एका ठिकाणी तीन मीटरची उघडी जागा होती, बाकी सगळीकडं पणत्या मांडून झाल्या होत्या. फुला थबकली. ती जागा तिनं ओळखली. आज्याबरोबर लहानपणी दोघी इथंच उकिडव्या बसायच्या, जेव्हा आजूबाजूला दुसऱ्या कुणाच्याच घराच्या पणत्या नव्हत्या.

"एक्याऐंशीतलं एक्केचाळिसावं," रुक्मा म्हणाली. "चाळीस घरं तुझ्या अलीकडं, चाळीस पलीकडं. मोजून बघ."

फुलानं मोजलं नाही. ती खाली बसली, पोत्याचं तोंड सोडलं आणि पेंढ्यातून पहिली पणती काढून बहिणीच्या हातात दिली. शेतात अजून कुणी काडी ओढली नव्हती. सगळे ह्या एका घराचं मांडून व्हायची वाट बघत होते.